आतोबांचं टोपडं

देवानं माणसाला हात, पाय, छाती आणि पोट दिलं ते सगळं केवळ डोकं इकडून तिकडं नीट वाहून नेता यावं म्हणून, अशी पक्की समजूत असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या आत्याचा नवरा. आम्ही भाचरं त्यांना आतोबा म्हणायचो आणि आमचं ऐकून सगळं लोणावळं त्यांना आतोबा म्हणायचं. बाजारात गुडदाणीच्या, म्हणजे चिक्कीच्या, दुकानाला लागून त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. उन्हाळ्यात मुंबईची मंडळी हवापालटाला आली की तासाच्या भाड्यानं सायकली घ्यायची आणि वलवणकडं नाहीतर खंडाळ्याकडं रपेट मारायची. धंदा असा, की मालकानं नुसतं गादीवर लोळावं आणि सायकलींनी कमवून आणावं. पण आतोबांना लोळण्याची कला अवगत नव्हती. गिऱ्हाईक दारात आलं की दुसरा कुणी त्याचे कपडे बघेल, बूट बघेल, सायकल परत आणील का पळवील त्याचा अंदाज घेईल. आतोबा थेट त्याचं डोकं बघायचे. भाजीवाली भोपळा बघते तसं, मागून-पुढून, अगदी निरखून. मग खुंटीवरची एक वस्तू काढून त्याच्यापुढं धरायचे आणि म्हणायचे, "आदी हे. मंग सायकल."

ही वस्तू म्हणजेच ते टोपडं. आतोबा स्वतः त्याला 'राखण' म्हणत, पण गावानं पहिल्याच दिवशी त्याचं टोपडं असं बारसं केलं आणि ते कायमचं चिकटलं. कारण तान्ह्या पोराच्या टोपड्यासारखीच त्याला हनुवटीखाली बांधायची नाडी होती. बाकीची रचना मात्र भक्कम. बाहेरून बुरुडाकडून विणून घेतलेली खोलगट टोपली, आत गोधडीचे थर, कानांवर कापूस भरलेल्या दोन पट्ट्या, आणि अगदी आत, टाळूला टेकेल अशी, बायका घागरीखाली घेतात ती चुंबळ. विणकाम बुरुडाचं, डोकं आतोबांचं आणि बोटं आमच्या आत्याची. आत्याच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. ती म्हणायची, "माज्या आईनं लग्नात दोन गोधड्या दिल्त्या. ह्या मानसानं त्या मुंबईकरांच्या डोक्यावर घातल्या." पण म्हणता म्हणता पुढचा टाका घालायची. नवरा चक्रम आहे हे तिला पहिल्या वर्षातच कळलं होतं, आणि चक्रम असला तरी लाखात एक आहे हे दुसऱ्या वर्षात.

आता तुम्हीच सांगा, धोतराचा सोगा खिशात खोचून, अत्तराचा फाया कानात ठेवून बायकोला सायकल चालवून दाखवायला निघालेला मुंबईचा शेठ असलं टोपडं कशाला बांधील? दहातले आठ लोक "काय चेष्टा लावली आहे?" म्हणून समोरच्या दुसऱ्या सायकलवाल्याकडं जायचे. त्या समोरच्यानं तर आतोबांच्या परतलेल्या गिऱ्हाइकांवर घर बांधलं असं लोक म्हणायचे. पण आतोबांना त्याचं वाईट वाटायचं नाही. "जाऊ द्या. त्येंचं डोकं, त्येंची हौस," एवढंच म्हणायचे. म्हणायचे खरं, पण तो शेठ खंडाळ्याकडं गेला की हा माणूस दुकानाच्या पायरीवर येऊन उभा. चहा निवतोय, आत्या हाक मारतेय, यांचं लक्ष रस्त्याकडं. दुसऱ्याच्या दुकानातून, दुसऱ्याच्या सायकलवर गेलेलं ते डोकं सुखरूप परत आलेलं दिसलं म्हणजे मगच यांच्या घशाखाली चहा उतरायचा. पाहुण्यांना बाकीचे लोक विचारतात, "बरं हाय ना?" आतोबा विचारायचे, "डोकं बरं हाय ना?" पहिल्यांदा आलेली माणसं गोंधळून आपलं डोकं चाचपायची.

त्यांचा खरा रंग बघायचा तर बाजाराच्या दिवशी. दुकानाला शिडी लावायची, वर चढायचं आणि सगळ्यांना दाखवून एक कवठ खालच्या दगडावर टाकायचं. ते फाटकन फुटायचं. मग दुसरं कवठ टोपड्यात घालून, नाडी बांधून, तसंच टाकायचं. खाली उतरून नाडी सोडायची आणि आतलं कवठ साबूत काढून लोकांच्या हातात द्यायचं. "हे बोडकं डोकं, आन् हे राकलेलं डोकं. घ्या हातात, बगा." लोक हातात घ्यायचे, बघायचे, आणि काही जण तसेच घरी घेऊन जायचे. फुटलेली कवठं आत्याच्या वाट्याला. त्यामुळं कवठाच्या हंगामात आत्याकडं गेलं की पानात सकाळ-संध्याकाळ कवठाची चटणी असायची. कवठं संपली की नारळ, आणि मग खोबऱ्याची.

एकदा मात्र फजिती झाली. खंडाळ्याच्या बंगल्यात उतरलेला एक गोरा साहेब सायकल भाड्यानं घ्यायला आला. डोक्यावर साहेब लोक उन्हात घालतात ती पांढरी सोला हॅट. आतोबांनी आपलं टोपडं पुढं केलं. साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला की मेरा टोपी बहोत अच्छा है. साहेबापुढं दुसरा कुणी असता तर जी हुजूर म्हणून सायकल काढून देता. आतोबांनी शिडी लावली. एक कवठ साहेबाच्या हॅटमध्ये, एक आपल्या टोपड्यात. बाजार गोळा झाला. वरून दोन्ही टाकली. साहेबाच्या हॅटमधलं कवठ धड निघालं आणि आतोबांच्या टोपड्यातलं चिरलं. सगळा बाजार खदखदून हसला. आतोबा नुसते त्या हॅटकडं बघत राहिले, आणि मग, कुणी काही म्हणायच्या आत, खिशातला चाकू काढून त्यांनी साहेबाच्या हॅटचं अस्तर उसवलं. साहेबाबरोबर आलेला बटलर पांढराफटक पडला. आतोबांनी बोट आत घातलं, चेपून पाहिलं आणि आनंदानं म्हणाले, "आरं, हे तर भेंड! आपल्या बाशिंगातलं!" नवरदेवाच्या कपाळाला बांधायचं बाशिंग ज्या हलक्या पांढऱ्या भेंडाचं करतात, तेच साहेबाच्या टोपीत निघालं होतं. हार झाली याचं दुःख त्या माणसाला शिवलंच नाही, काहीतरी नवं सापडलं याचाच आनंद. तरी जाताना साहेबाला त्यांनी तसं सोडलं नाहीच. "टोपी तुमची चांगली, पर नाडी न्हाई तिला. मानूस पडायच्या आदी टोपी उडंल," म्हणून आत्याकडून नाडी आणून हॅटला शिवली आणि साहेबाच्या हनुवटीखाली स्वतःच्या हातानं गाठ मारली. साहेब हसत हसत गेला. दुसऱ्या दिवसापासून तळेगावच्या बाशिंगवाल्याकडून पोत्यानं भेंड यायला लागलं आणि सगळी टोपडी उसवून आत्या पुन्हा पहिल्यापासून शिवायला बसली.

स्वतः आतोबा टोपड्याशिवाय सायकलला हात लावत नसत. चढावर उतरून सायकल हातानं ढकलत निघाले तरी टोपडं डोक्यावर. सायकल भिंतीला टेकवायची आणि मगच नाडी सोडायची, हा त्यांचा नेम. आणि गंमत बघा, हा माणूस जन्मात एकदाही सायकलवरून पडला नाही. मी एकदा खवचटपणे विचारलंच, "आतोबा, तुम्ही तर कधी पडत नाही, मग हे ओझं कशाला?" तर म्हणाले, "पडनारा बी पयल्यांदा पडंस्तवर कदी पडलेला नसतो." मी कपाळाला हात लावला. कपाळ आपलं, म्हणजे डोकंच.

या टोपड्यापायी आमच्या आक्काचं लग्न मोडायची वेळ आली होती. आमचं घर तळेगावजवळच्या परंदवडीचं. आक्का माझ्याहून थोरली. तिला उर्शाचा मुलगा पाहिला होता, शेतकऱ्याच्या घरातला पण शिकलेला, तळेगावात शाळामास्तर. रोज उर्शाहून तळेगावला पायी जायचा, पायीच यायचा. मुलगा शांत, निर्व्यसनी, आक्काला पसंत. आमच्याच दारात मांडव पडला, अक्षता पडल्या, आणि पंगत बसली. नवरदेव पाटावर बसला, पान वाढलं आणि त्यानं हात मागं घेतला. जावई रुसला. आता जावयानं पहिल्या पंगतीला रुसायचं हा रिवाजच आहे, त्याशिवाय त्याला कुणी जावई म्हणत नाही. आणि तो घास घेत नाही तोवर त्याचं वऱ्हाडही घास घेत नाही. सगळे पानावर हात आवरून बसले. त्याचे चुलते होते, उर्शाचे आबा, मोठ्या मिशांचे. ते म्हणाले, "पोराला सायकल पायजे. रोज येवडं चालतंय."

वडील कुठून आणणार? त्या काळी आमच्या गावात सायकल कुणाकडं होती? भात निवत चालला होता. तेवढ्यात आतोबा पुढं झाले. लोणावळ्याहून लग्नाला ते स्वतःच्या सायकलवर, अर्थातच टोपडं बांधून आले होते. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली, हँडल चकचकीत पुसलेली ती सायकल त्यांनी आणली आणि पंगतीसमोर उभी केली. "ही घ्या, जावईबापू. आजपास्नं तुमची." सगळ्या मांडवात आनंद झाला. नवरदेवाचा हात पानाकडं निघाला. आणि तेवढ्यात आतोबांनी ते टोपडं त्याच्या पानाशेजारी ठेवलं. "ही राखन बी सायकलीबरुबरच. नाडी बांदल्याबिगर सायकलीला हात लावनार न्हाई, येवडा शबुद द्या आन् मंग जेवा."

आमच्याकडचं कुणीतरी हसलं. ते हसणंच नडलं. आबा ताडकन उठले. "आमच्या पोराला टोपडं? तान्हं हाय व्हय ते? उर्शात तोंड कसं दावायचं आमी?" त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड पानावरून उठलं. "गाड्या जुपा," आबा म्हणाले. वडिलांनी आतोबांपुढं हात जोडले. "पाव्हनं, पाया पडतो तुमच्या. ते टोपडं आत न्या. पोरीचं कसं व्हायचं?" आतोबा एरवी घरातल्या कुणाच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. पण त्या दिवशी खांबासारखे उभे राहिले. "सायकल देतो म्हनलं ते दिली. पन बोडक्या डोक्यानं न्हाई देनार." माजघराच्या दारात आक्का उभी होती, हिरव्या चुड्याचा हात चौकटीला धरून. तिच्यासमोर तिच्या सासरची माणसं बैल गाड्यांना जुपत होती आणि तिला कुणी चल म्हणत नव्हतं. मला तेव्हा आतोबांचा असा संताप आला, की त्यांचं ते टोपडं चुलीत घालावं. असला कसला हट्ट, आपल्या भाचीच्या संसारापेक्षा मोठा?

मग आतोबांनी नवरदेवाचा हात धरला आणि त्याला गोठ्यामागं नेलं. भांडायचंच म्हणून मी त्यांच्यामागं गेलो. पण भांडायची वेळच आली नाही.

"जावईबापू," आतोबा म्हणाले, "माजा एक धाकला भाव व्हता. तुमच्याच वयाचा. माज्याच दुकानातली सायकल घिऊन खंडाळ्याच्या उतारानं निगाला आन् वळणाव पडला. हासत उटला. धोतार झाडलं. माज्यासंगं बसून च्या प्याला. मी म्हनलं, लागलं का? म्हनला, काय बी न्हाई दादा, जरा डोसकं जड झालंय, पडतो घटकाभर. निजला तो निजलाच. रगताचा येक थेंब आला न्हाई. आला असता तर मी डागदराकडं पळालो असतो. मी आपला दुकानात गिऱ्हाईक करत बसलो."  त्यांच्या तोंडून भावाचा विषय मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि त्यानंतरही ऐकला नाही. मग म्हणाले, "कालपतुर तुमचं डोकं तुमचं व्हतं. आज त्येच्यावर आमच्या पोरीचं कुक्कू हाय. सायकल नगं असंल तर नगा घिऊ. पन डोकं राका."

नवरदेव खाली मान घालून उभा होता.  मग त्यानं विचारलं, "नाडी कशी बांधायची?"

आतोबांनी बांधून दिली. कपाळावर बाशिंग, गालांवरून मुंडावळ्या आणि वर हे टोपडं, असा तो मांडवात आला तेव्हा बैल जुपलेले होते. आबांनी तोंड फिरवलं. तेव्हा आतोबा त्यांच्यापुढं गेले, टोपड्याच्या अस्तरातून भेंडाचा तुकडा ओढून काढला आणि आबांच्या हातावर ठेवला. "आबा, तुमच्या नवऱ्याच्या बाशिंगात काय हाय? भेंडच ना? ह्येच्यात बी त्येच हाय. टोपडं न्हवं हे, बाशिंगच हाय. पयलं बाशिंग लग्नापुरतं, हे जल्मभराचं." आबांनी तो तुकडा दोन बोटांत चेपला, पुतण्याच्या बाशिंगाला हात लावून पाहिलं, पुन्हा तुकडा चेपला. माणूस रागीट खरा, पण राग सोडायला निमित्त शोधणारा. आणि बाशिंगाला नाही म्हणायचं म्हणजे लग्नालाच नाही म्हणायचं. "बाशिंग हाय म्हंता?" असं दोनदा विचारून ते पानावर जाऊन बसले. "मंग बसा की सगळी. भात वाडा गरम," म्हणाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. आमच्या दाजींना एकाच दिवशी डोक्याला दोन बांधावी लागली.

या गोंधळात माझी कानपिळी राहिली होती. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा, हा माझा मान. मी कान शोधतोय तर टोपड्याची कानपट्टी मध्ये. नाडी सोडायला गेलो तर आतोबा म्हणाले, "सोडायची न्हाई. सायकल हितंच हाय. वरनंच पीळ." मग मी कापसाची पट्टीच पिळली. दाजींना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी रिवाजाप्रमाणं ओरडायचं ते ओरडून घेतलं. माजघराच्या दारात आक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

दाजींनी शब्द पाळला. शाळेतली पोरं सुरुवातीला फळ्यावर टोपड्याची चित्रं काढायची, मग तीही कंटाळली. दाजी पडले का कधी? पडले तर. सोमाटण्याच्या खडीवर सायकल घसरून एकदा चांगले आपटले. धोतर फाटलं, कोपर सोलवटलं, टोपड्याची एक बाजू चेपून आत गेली. घरी आल्यावर आक्कानं कोपराकडं पाहिलंच नाही, आधी नाडी सोडून डोकं चाचपलं. नवं टोपडं आठ दिवसांत लोणावळ्याहून आलं आणि जुनं आतोबांनी गिऱ्हाइकांना दिसेल असं दुकानाच्या दर्शनी बाजूला टांगून ठेवलं.

आतोबा गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, थंडीत, तापानं, स्वतःच्या अंथरुणात. डोक्याला शेवटपर्यंत साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. आम्ही सगळे जमलो. आक्का आणि उर्शाचे आबा आगगाडीनं आले. दाजी पवनेकडच्या एका गावाला गेले होते, तिकडून गाडी नव्हती, म्हणून त्यांची वाट बघत आम्ही दारात थांबलो होतो. मयताला माणसं डोकं उघडं करून उभी राहतात. सगळ्यांनी फेटे सोडले होते, टोप्या काढल्या होत्या. आणि दुपार कलता कलता रस्त्याच्या टोकाला सायकल दिसली, आणि सायकलवर टोपडं.

दारातल्या म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. "मयताला डोकं झाकून आलाय," कुणीतरी म्हणालं. दाजी धापा टाकत उतरले, कुणाकडं न बघता सायकल दुकानाच्या भिंतीशी नेली, नीट टेकवली, मग नाडी सोडली. "बोडक्यानं सायकलवर आलो असतो," ते म्हणाले, "तर आतोबा उठून रागावले असते."  ते आत आले आणि टोपडं आतोबांच्या पायाशी ठेवायला वाकले.

"पायाशी नगा," आत्या म्हणाली.  "उशाशी ठिवा."

दाजींनी उशाशी ठेवलं. तेव्हा मागून आबा पुढं आले. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. "उशाशी कशापायी? जल्मभराचं म्हनलं व्हतं त्येंनी," म्हणत ते गुडघ्यावर बसले, ते टोपडं उचलून आतोबांच्या डोक्यावर घातलं आणि हनुवटीखाली नाडीची गाठ मारली. ढिली वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.  आत्यानं पुढं होऊन गाठ चाचपून पाहिली आणि मान हलवली.

आता दुकान दुसऱ्याच्या हातात आहे, शिडी नाही, कवठं नाहीत. पण अजून रस्त्यानं कुणी सायकलवर चाललेला दिसला की माझं लक्ष चाकांकडं जात नाही, आधी डोक्याकडं जातं. उन्हाळ्यात लोणावळ्याला गेलो की मी उगाच बाजारात उभा राहतो, आणि खंडाळ्याकडं गेलेली पोरं परत येईपर्यंत माझा चहा निवून जातो.